वन्यजीवांचा दवाखाना : भाग ११
गुंगीच्या आधीची दहा मिनिटं

मागच्या भागानंतर आलेल्या पत्रांपैकी एक साताऱ्याहून होतं. ‘‘गुंगीचं इंजेक्शन मारलं की जनावर झोपतं. मग त्याला धरायचं वेगळं प्रशिक्षण कशाला लागतं?’’ प्रश्न रास्त आहे. बातम्यांत आपण तेवढंच पाहतो. बंदूक उडते आणि पुढच्या दृश्यात बिबट्या पिंजऱ्यात असतो. मधली दहा मिनिटं कापलेली असतात. आजचा भाग त्या दहा मिनिटांचा आणि त्यांच्या आधीच्या तासाभराचा. त्यासाठी आज बिबट्याला सोडून लांडग्याकडे जाऊ, आणि तोही अमेरिकेतल्या.

मेक्सिकन लांडगा ही उत्तर अमेरिकेतल्या करड्या लांडग्याची सर्वांत लहान उपजात. गुरांच्या मालकांसाठी सरकारनंच विष आणि सापळे लावून ती संपवत आणली. मग १९७६ मध्ये त्याच सरकारनं तिला संरक्षण दिलं. १९७७ ते १९८० या काळात रॉय मॅकब्राइड या मुरलेल्या सापळेवाल्यानं मेक्सिकोत पाच लांडगे जिवंत पकडले, त्यांत मादी एकच. आधीपासून पिंजऱ्यात असलेल्या आणखी दोन घराण्यांची पुढे भर पडली. आज जिवंत असलेला प्रत्येक मेक्सिकन लांडगा अवघ्या सात मूळ जनावरांचा वंशज आहे. मार्च १९९८ मध्ये त्यांतले ११ अॅरिझोनाच्या जंगलात सोडले. २०२४ अखेरच्या गणतीत अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून ते किमान २८६ भरले.

यांना पिंजऱ्यात सांभाळणाऱ्यांची खरी अडचण इथून सुरू होते. प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला मांसाचा तुकडा दाखवून जाळीला पाठ लावून बसायला शिकवता येतं आणि तसंच इंजेक्शनही देता येतं. या लांडग्यांच्या बाबतीत ती सोय नाही. उद्या ज्याला रानात सोडायचं, त्याला माणसाचा लळा लागला तर तो पहिल्याच गोठ्याजवळ गोळी खाईल. म्हणून त्याच्या मनातली माणसाची भीती जपावी लागते. आणि वर्षातून एकदा त्याच माणसांनी आत शिरून त्याला धरायचं असतं. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्होच्या लसी टोचायच्या, रक्त काढायचं, वजन करायचं.

आता ते धरणं जवळून पाहू. सकाळ गार असते. लांडग्याला आदल्या दिवशीपासून खायला दिलेलं नसतं. पाच-सहा माणसं हातात जाळी किंवा फळी घेऊन, अंतर राखून, एका ओळीत चालत येतात. कुणी बोलत नाही, कुणी धावत नाही. लांडगा कुंपणाच्या कडेकडेनं पळतो, शेपूट पोटाखाली, कान मागे पडलेले. ‘लांडगा आला रे आला’ ऐकत वाढलेल्या आपल्याला खरं वाटणार नाही, पण हल्ला करायचं त्याच्या मनातही नसतं. त्याला फक्त आडोसा हवा असतो. तो आडोसा म्हणजे कोपऱ्यातली लाकडी पेटी. ओळ जवळ आली की तो आपणहून पेटीत शिरतो. मग झाकण जरासं उचलून बेचक्याची काठी मानेवर टेकवतात. टेकवतात म्हणजे टेकवतातच, दाबत नाहीत. ही काठी पाहिली की मला आपल्याकडची सापवाल्यांची काठी आठवते. फरक एवढाच की हिचं बेचकं गुंडाळून मऊ केलेलं असतं. मानेला आधार मिळाल्यावर लांडगा बहुधा गप्प होतो. तोंडाला मुसकं, डोळ्यांवर पट्टी. डोळे झाकले की निम्मी भीती उतरते, हे मळणीच्या बैलाला मुसकं आणि घाण्याच्या बैलाला झापडं बांधणाऱ्या आपल्या माणसांना सांगायला नको. पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घेतात, लस टोचतात, झोळीत घालून वजन करतात आणि सोडून देतात. काम मिनिटांत उरकतं, आणि पुष्कळदा गुंगीच्या औषधाचा एक थेंबही लागलेला नसतो.

हे शिकायचं कुठे? मिनेसोटात वाइल्डलाइफ सायन्स सेंटर नावाची संस्था आहे. लांडग्यांचं वर्तन आणि शरीरक्रिया अभ्यासण्यासाठी १९७६ मध्ये सरकारी पैशावर तिची सुरुवात झाली. पुढे १९९१ पासून ती ना-नफा तत्त्वावर चालू लागली. वन्यजीव खात्यांची माणसं तिथे जनावरं धरायला आणि गुंगी द्यायला शिकतात. पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर हात बसलेला असला म्हणजे रानातल्या सापळ्यात अडकलेल्या लांडग्यापुढे तो थरथरत नाही.

मी पशुवैद्यक शिकत होतो तेव्हा आम्हाला पहिल्यांदा बैल पाडायला शिकवलं होतं. दोर कसा घालायचा हे एका दिवसात आलं. कधी ओढायचा नाही, हे यायला वर्ष गेलं. एकदा माझ्या घाईनं एक खोंड दगडावर आपटला आणि आठ दिवस लंगडला. त्याच्या मालकानं मला एक शब्द सुनावला नाही. तेच जास्त लागलं.

आता औषधाकडे. शस्त्रक्रिया असेल, दात काढायचा असेल किंवा रेडिओ कॉलर नीट बसवायची असेल तर गुंगी लागते. लांडग्यांसाठी बरीच वर्षं चालत आलेली जोडी म्हणजे झायलाझिन आणि केटामाइन. दोन्ही औषधं १९६२ सालची. झायलाझिन जर्मनीत बायर कंपनीत रक्तदाबावरचं औषध शोधताना सापडलं, तर केटामाइन अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणाऱ्या कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी बनवलं. झायलाझिन स्नायू सैल करतं, केटामाइन भान हरपवतं. पण झायलाझिननं कुत्र्याच्या जातीला ओकारी होते, म्हणून आदल्या दिवसापासूनचा तो उपास. आणि केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात, पापणी लवत नाही. बुबुळ सुकू नये म्हणून मलम घालावं लागतं. शिकाऊ माणूस ते सताड उघडे डोळे पाहून दचकतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

उतारा हा आणखी अवघड भाग. टेरी क्रीगर, युलिसिस सील आणि लांडग्यांचे ख्यातनाम अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९८७ मध्ये करड्या लांडग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. योहिम्बिन या उताऱ्यानं झायलाझिनचा अंमल तोडता येतो, असं त्यात दिसलं. केटामाइनला मात्र उताराच नाही. घाई करून झायलाझिन आधी उतरवलं तर अंगात एकटं केटामाइन उरतं, आणि जनावर ताठरतं, झटके देतं. म्हणून केटामाइन ओसरेपर्यंत घड्याळ पाहत थांबायचं. औषधांच्या मात्रा मी इथे मुद्दाम देत नाही. वाचून कुणी प्रयोग करावा असं हे काम नाही.

या सगळ्यात लांडगा मरतो तो बहुतेक वेळा उष्णतेनं. त्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. पळवून दमवलेल्या लांडग्याला औषध टोचलं की धापा मंदावतात आणि तापमान राखणारी मेंदूतली यंत्रणाही ढिली पडते. नेहमीचं तापमान ३८-३९ अंश सेल्सियस. ४१च्या वर गेलं की जीव धोक्यात. मग मांडीच्या आतल्या बाजूला आणि पंजांना गार पाणी. म्हणून प्रशिक्षणात एका माणसाला दुसरं कामच देत नाहीत. त्यानं दर पाच मिनिटांनी तापमान, श्वास आणि नाडी कागदावर लिहायची. हिरडी अंगठ्यानं दाबायची आणि पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते का पाहायचं. माझ्या मते गटातला सर्वांत जाणता माणूस या कामावर हवा. आपल्याकडे तो बंदूक हातात घेतो.

दुसरं मरण उशिरा येतं. अति पळाल्यानं आणि घाबरल्यानं स्नायू फुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतं, लघवी काळपट होते. जनावर सुखरूप सोडलं म्हणून माणसं घरी जातात आणि ते दोन-चार दिवसांनी कुठेतरी झुडपात मरून पडतं.

डार्टची बंदूक न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस घडवली. उपयोगाची वस्तू आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण सुई मांडीऐवजी पोटात किंवा बरगडीत बसू शकते. औषध चढायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ जनावर पळतच असतं. पळण्याची किंमत वर सांगितलीच. बंद कुंपणात, पेटीत शिरलेल्या लांडग्याला हातानं टोचता येत असताना बंदूक काढणं हा मला आळस वाटतो.

आपल्या माळरानावरचा लांडगा मेक्सिकन लांडग्यापेक्षाही अंगानं हलका. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला जागा आहे. धनगरांची वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण पडतो तो बिनकठड्याच्या विहिरीत, अडकतो तो डुकरासाठी लावलेल्या फासात. तुमच्या शिवारात असं झालं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पथक येईपर्यंत कुत्री बांधा, पोरांना घरी पाठवा, काठावरून वाकून मोबाइलचा उजेड त्याच्या डोळ्यांवर मारू नका. डॉक्टर पोहोचतील तेव्हा तो दमलेला नसावा, एवढं तुमच्या हातात आहे.

(पुढच्या आठवड्यात : विहिरीतून वर काढताना)