परसबागेतील वेलभाज्या : फळ न धरण्याची कारणे आणि बियाण्याचे जतन

प्रस्तावना

भोपळ्याच्या वेलावर नुकत्याच धरलेल्या कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये, दाखविल्यास ते सडून गळते, असा समज महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही आढळतो. दाखवायचेच झाल्यास बोट वाकवून दाखवावे, असे वडीलधारी माणसे मुलांना बजावतात. हा समज केवळ महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. सोळाव्या शतकातील तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त परशुरामाशी बोलताना लक्ष्मण याच समजुतीचा दाखला देतो. एखादी समजूत शतकानुशतके टिकून राहते, तेव्हा तिच्या मुळाशी बहुधा काही निरीक्षण असते. भोपळ्याची अनेक कोवळी फळे काही दिवसांतच पिवळी पडून गळतात, हे खरेच आहे. त्याचे कारण मात्र फुलात शोधावे लागते.

हे कारण ज्ञात नसल्याने परसबागेचे दुहेरी नुकसान होते. फळ गळते म्हणून कीटकनाशक फवारले जाते आणि त्यात मधमाश्या मरतात. किंवा वेल ‘वांझ’ ठरवून उपटला जातो व त्याबरोबर घरचे बियाणेही संपते. प्रस्तुत लेखात भोपळावर्गीय व शेंगवर्गीय वेलभाज्यांच्या फुलांचे स्वरूप आणि त्यानुसार बियाणे राखण्याची पद्धती यांचे विवेचन केले आहे.

१. नरफूल व मादीफूल

तांबडा भोपळा, दुधी, दोडका, घोसाळे, कारले व काकडी या भाज्यांच्या वेलावर सामान्यतः नरफुले व मादीफुले वेगवेगळी येतात. नरफुलाचा देठ साधा असतो. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली फळाची लहानशी प्रतिकृतीच दिसते. ही प्रतिकृती म्हणजे अंडाशय होय. परागकण कुक्षीवर पोहोचून फलन झाले तरच त्याचे फळ होते, अन्यथा ते पिवळे पडून गळते. आपण ज्याला ‘धरलेले फळ’ समजतो, ते पुष्कळदा फलन न झालेले अंडाशय असते. परागकण अपुरे पडल्यास फळ वाकडे किंवा एका टोकाशी निमुळते होते.

वेलावर प्रथम नरफुले येतात व त्यांची संख्याही अधिक असते. आरंभीचे काही दिवस ‘नुसतीच फुले येतात’ ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते. अतिउष्णता किंवा नत्रयुक्त खताचा अतिरेक यांमुळे नरफुलांचे प्रमाण आणखी वाढते.

तोंडलीचा प्रकार निराळा आहे. तिची नर व मादी झाडेच स्वतंत्र असतात. परंतु लागवडीतील मादी वेल परागीभवनाशिवायही फळ धरतात. म्हणूनच तोंडली बियांऐवजी वेलाच्या छाटापासून लावली जाते.

२. फुले उमलण्याच्या वेळा

तांबड्या भोपळ्याची पिवळी फुले पहाटे उमलतात व दुपारपूर्वी मिटतात. घोसाळे व कारले यांची फुलेही सकाळी उमलतात. याउलट दुधीची पांढरी फुले व दोडक्याची पिवळी फुले सायंकाळी उमलतात. सकाळच्या फुलांवर मधमाश्या येतात, तर दुधीच्या फुलांवर रात्री पतंग येतात.

शहरातील गच्चीवर कीटक कमी येत असल्यास हाताने परागीभवन करावे. नुकतेच उमललेले नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागकोश मादीफुलाच्या कुक्षीवर सर्व बाजूंनी हलकेच टेकवावा. भोपळ्यासाठी हे काम सकाळी लवकर, तर दुधी व दोडक्यासाठी सायंकाळी करावे. कीड खरोखरच असल्यास पाच टक्के निंबोळी अर्क त्या वेलाची फुले मिटलेली असताना फवारावा.

३. वाल, घेवडा व चवळी

शेंगवर्गीय भाज्यांत एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि बहुतांशी स्वपरागीभवन होते. त्यामुळे वरील अडचण येथे उद्भवत नाही. मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून या पिकांना नत्रयुक्त खताची गरज अल्प असते.

येथील अडचण काळाची आहे. वालाच्या अनेक पारंपरिक जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. आषाढात लावलेला वेल आश्विनापर्यंत केवळ पाने वाढवीत राहतो. हे ठाऊक नसणारा माणूस ऐन फुलण्याच्या तोंडावर वेल काढून टाकतो.

४. बियाण्याचे जतन

वाल, घेवडा व चवळी यांचे बियाणे राखणे सोपे आहे. चार-पाच निरोगी वेलांवरील काही शेंगा न तोडता पूर्ण वाळू द्याव्यात.

भोपळावर्गीय पिकांत कीटक शेजारच्या परसातील परागकण आणतात आणि एकाच प्रजातीच्या दोन जातींचा सहज संकर होतो. गोल व लांब दुधीचा संकर होईल. मात्र दुधी व कारले यांचा होणार नाही, कारण त्यांचे वंशच भिन्न आहेत. तेव्हा कारल्याशेजारी लावल्याने दुधी कडू होतो, या समजाला आधार नाही.

शुद्ध बी हवे असल्यास दुसऱ्या वेळी उमलणाऱ्या नर व मादी कळ्या आदल्या वेळीच दोऱ्याने बांधाव्यात. परागीभवनानंतर मादीफूल पुन्हा बांधून देठाला खूण करावी. ते फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यावे. दुधी तर वाळून आतील बी खुळखुळेपर्यंत ठेवावा. बाजारातील संकरित बियाण्यापासून आलेल्या फळाचे बी मात्र पुढील पिढीत तेच गुण देत नाही.

येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन ही विषारी द्रव्ये असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले; कडू दुधीचा रस पिऊ नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. दुधी चिरताना लहान तुकडा चाखावा; कडू लागल्यास फळ टाकून द्यावे व त्याचे बीही ठेवू नये.

या ज्ञानाचे मोल राहीबाई पोपेरे यांच्या कार्यातून लक्षात येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी त्यांनी वालासह अनेक पिकांच्या देशी जातींचे बियाणे जतन केले. २०२० च्या पद्मश्री पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

निष्कर्ष

वेलाने फळ न धरणे हा पुष्कळदा रोग नसतो. परागकण न पोहोचणे किंवा फुलण्याचा काळ न येणे, हे त्याचे कारण असते. म्हणून फवारणी करण्यापूर्वी व वेल उपटण्यापूर्वी फूल निरखावे. महाविद्यालयांच्या आवारातील मोकळ्या जागेत हे निरीक्षण सहज शक्य आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फुलांच्या वेळा नोंदवाव्यात, गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी बियाणे राखावे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी गावोगावची वाणांची नावे व समजुती संकलित कराव्यात. बोट वाकवून दाखविणाऱ्या आजीचे निरीक्षण योग्यच होते. त्यामागील कारण पुढच्या पिढीला सांगणे हे अध्यापकांचे काम आहे.