दहा सेकंदांची गोधडी

रेसिंगच्या अग्निरोधक सूटवर काडेपेटीएवढा एक कापडी बिल्ला शिवलेला असतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'एसएफआय 3.2ए/5'. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मॉडेल नंबर असेल, नाहीतर कापडाला पाच थर असतील. पण शेवटच्या त्या पाचाचा अर्थ वेळेशी आहे. प्रयोगशाळेत ठरलेल्या आचेवर हे कापड धरलं, तर आतली कातडी दुसऱ्या दर्जाची भाजायला, म्हणजे फोड उठायला, साधारण 10 सेकंद लागतात. बिल्ल्यावर 1 असेल तर 3 सेकंद, 10 असेल तर 19, 15 असेल तर 30 आणि 20 असेल तर 40. नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या ड्रॅगस्टरचे चालक 20चा सूट घालतात. हौशी शर्यतींत सर्रास दिसतो तो 5चा. आठवडाभर नोकरी करून रविवारी ट्रॅकवर जाणारा माणूस कित्येक हजार रुपये मोजून घरी आणतो, ते हे दहा सेकंद.

ते किती मोठे आहेत हे कळायला आधी ती 'ठरलेली आच' काय आहे ते पाहू. चाचणीत कापडाच्या दर चौरस मीटरला सुमारे 84 किलोवॉट उष्णता दिली जाते. मे महिन्यात चंद्रपूरला भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर जे ऊन पडतं, ते असतं 1 किलोवॉटच्या आसपास. त्या एका उन्हात आपण डोक्यावर पंचा टाकून सावली शोधतो. सूटची परीक्षा तशा 84 सूर्यांसमोर होते.

आता पेट्रोल. आपल्याला त्याचा फक्त भाव पाठ असतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. ती सगळी पाणी तापवायला वापरता आली, तर साधं 100 लिटर पाणी उकळीला येईल. अंघोळीच्या भरलेल्या पाच बादल्या, एका लिटरवर! स्विफ्टसारख्या गाडीची टाकी 37 लिटरची. एवढ्या पेट्रोलमध्ये स्वयंपाकाच्या जवळजवळ दोन भरलेल्या सिलिंडरांइतकी ऊर्जा असते. ही टाकी बसलेली असते चालकाच्या पाठीमागे, दीड-दोन हातांवर.

खरी भीती मात्र द्रवाची नाही, वाफेची आहे. पेट्रोल उणे 43 अंश सेल्सिअसलाही पेट घेईल इतकी वाफ सोडतं. हवेत ती दीड टक्क्यालाही थोडी कमी असली तरी एक ठिणगी पुरते. हिशेब करून पाहिला तर एक लिटर पेट्रोल पूर्ण वाफ होऊन हवेत मिसळलं, तर पेटू शकणारं 10 हजार लिटरहून जास्त मिश्रण तयार होतं. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी देणारा टँकर डोळ्यांसमोर आणा. तो अख्खा टँकर पाण्याऐवजी पेटायला टपलेल्या हवेने भरलेला, आणि भरलाय कशाने, तर पाण्याच्या एका बाटलीएवढ्या पेट्रोलने. शिवाय ही वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड. ती वर उडून जात नाही. गाडीच्या तळाशी आणि चालकाच्या पायांपाशी साचत राहते.

याच्यासमोर उभं करायला माणसाकडे काय आहे? गोधडी. मी हे उपमा म्हणून म्हणत नाही, सूट खरोखर त्याच तत्त्वावर चालतो. आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोरा घालायची, आणि ऊब यायची ती कापडापेक्षाही थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. रेसिंगचा सूट तेच करतो, फक्त उलट्या दिशेने. बाहेरची आग आत येऊ देत नाही. धागा नोमेक्सचा असतो. ड्युपाँ कंपनीने 1960च्या दशकात बाजारात आणलेला हा धागा नायलॉनसारखा वितळून कातडीला चिकटत नाही. जाळात काळा पडतो, जाड होतो आणि तसाच टिकून राहतो. आपल्या घरांत स्टोव्हजवळ नायलॉनची साडी नेसू नको, असं आया-आज्या लेकीसुनांना सांगत आल्या, त्यामागे हीच भीती होती. नायलॉन आणि पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात. म्हणून सूटच्या आत घाम टिपणारा चकचकीत स्पोर्ट्स टी-शर्ट घालणं धोक्याचं. वरचा नोमेक्स शाबूत राहिला तरी आतला टी-शर्ट वितळून अंगाला डांबरासारखा बसू शकतो. कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईच्या उकाड्यात तीन थर अंगावर चढवणं जिवावर येतं, हे मान्य आहे. पण आतले अग्निरोधक कपडे त्या दहा सेकंदांत भर घालतात आणि स्पोर्ट्स टी-शर्ट त्यातून वजा करतो.

गोधडी दाबली की ऊब जाते, तसंच इथेही होतं. खांद्यावरचा पट्टा सूटला घट्ट दाबतो, थरांमधली हवा निघून जाते आणि नेमकी तिथे आच लवकर आत शिरते. सूटवर ऑइल-पेट्रोलचे डाग असतील तर डागच आधी पेटतात. बिल्ल्यावरचे दहा सेकंद हे नव्या, स्वच्छ आणि ढगळ बसणाऱ्या कापडाचे आहेत, हे विसरून चालणार नाही.

दहा सेकंद संपल्यावर काय होतं, ते मोटार शर्यतींच्या इतिहासाने फार निर्दयपणे दाखवून दिलं आहे. 29 जुलै 1973, नेदरलँड्समधलं झांडवूर्ट. 25 वर्षांच्या रॉजर विल्यमसनची ही दुसरीच फॉर्म्युला वन शर्यत. त्याची गाडी उलटली, पेटली आणि तो खाली अडकला. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने आपली शर्यत सोडली, ट्रॅक ओलांडला आणि एकट्याने ती जळती गाडी सरळ करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. एक अग्निशामक आणून संपवला. तोही पुरला नाही. जवळ उभ्या असलेल्या मार्शलांच्या अंगावर आगीत शिरता येईल असे कपडे नव्हते. शर्यत चालूच होती, आणि आगीचा बंब यायला कित्येक मिनिटं गेली. पर्लीला पुढे ब्रिटनचं जॉर्ज पदक मिळालं. पण पदकाहून मला आठवत राहतं ते त्याचं त्या गाडीला एकट्याने ढकलणं. टीव्हीवर ते लाखो लोकांनी पाहिलं आणि मदतीला कुणीही जाऊ शकलं नाही.

47 वर्षांनी, 29 नोव्हेंबर 2020 रोजी, बहारीनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोजाँ या चालकाची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली. धक्का 67 जीचा. म्हणजे 70 किलोचा माणूस त्या क्षणापुरता जवळपास पावणेपाच टनांचा झाला. गाडीचे दोन तुकडे झाले, टाकीपासून इंधनाची जोडणी उपटली गेली आणि आगीचा लोळ उठला. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरांची गाडी धावत असते. ती 11 सेकंदांत पोहोचली. ग्रोजाँ बाहेर आला 27व्या सेकंदाला. त्याचा डावा पाय अडकला होता. त्याने पाय ओढला तेव्हा बूट आतच राहिला. भाजले ते मुख्यतः हातांचे मागचे भाग, आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत इंडीकार शर्यतींत परत उतरला.

27 सेकंद घड्याळ लावून बसून पाहा. मी पाहिलं. पंधराव्या सेकंदाला वाटलं, आता बास.

ग्रोजाँच्या मागे डॉक्टर होता. हौशी चालकाच्या मागे बहुतेक वेळा कुणी नसतं. रॅलीत गाड्या मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात, म्हणजे पहिली मदत ही मागून येणारा प्रतिस्पर्धीच. म्हणून प्रत्येक रॅली गाडीत दोन बाजूंचा एक फलक ठेवतात. एका बाजूला लाल एसओएस, दुसऱ्या बाजूला हिरवं ओके. मागचा चालक तो पाहून ठरवतो, थांबायचं की पुढे जायचं. पण मिनिटभर म्हणजे दहा सेकंदांच्या सहा गोधड्या. तोपर्यंत जे करायचं ते स्वतःच करायचं असतं.

ही गोष्ट मला सगळ्यात नीट समजलेली दिसते ती विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत. फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची मुलं स्वतः रेसिंग कार बांधतात. आपल्याकडे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्ये पुण्या-मुंबईचे संघही गाड्या घेऊन जातात. इंजिन सुरू होण्याआधी चालकाची एक परीक्षा असते. हेल्मेट, डोक्याचा नोमेक्स मुखवटा, सूट, हातमोजे, बूट, सहा-सात टोकांचा पट्टा, दंडांना बांधलेले आवरपट्टे, हे सगळं चढवून आत बसायचं, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवायचे आणि इशारा झाला की बाहेर पडायचं. दोन्ही पाय जमिनीला टेकले की घड्याळ थांबतं. मर्यादा 5 सेकंद. आणि त्यांच्या सूटवर किमान बिल्ला कुठला चालतो? 3.2ए/5. दहा सेकंदांचं कापड, पाच सेकंदांत सुटका. उरलेले पाच सेकंद धुरासाठी, गोंधळासाठी आणि अडकलेल्या बुटासाठी.

पाच सेकंदांत पट्ट्याचं बकल, स्टीअरिंगची कळ, अंगाला वर उचलणं, सगळं बसवायचं असतं. हातमोज्यात बोटं जाड होतात आणि उघड्या हाताने सहज सुटणारं बकल दोनदा निसटतं. म्हणून सराव हातमोजे घालून आणि डोळे मिटून करावा. धुरात डोळे उघडे असून नसून सारखेच. आपली रस्त्यावरची गाडी घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्या किती जणांनी हा सराव एकदा तरी केला असेल, याची मला मनापासून काळजी वाटते.

बकलच्याही आधी एक काम असतं, ते म्हणजे मुख्य विद्युत स्विच बंद करणं. त्याची खूण गाडीच्या बाहेरही लावलेली असते: पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज. हा स्विच एवढा महत्त्वाचा का? रेसिंगसाठी बदललेल्या गाड्यांत ताशी 255 लिटर ओढणारा पेट्रोल पंप नेहमीचा आहे. भागाकार केला तर सेकंदाला 70 मिलिलिटर. नळी फुटली आणि पंप चालूच राहिला, तर दर सेकंदाला कटिंग चहाचा एक ग्लास भरून पेट्रोल आगीत पडत राहतं. दहा सेकंदांत दहा ग्लास. आणि चौरस मीटरभर पसरलेलं पेट्रोलचं जळतं थारोळं 2 मेगावॉटपर्यंत उष्णता सोडू शकतं, म्हणजे बाथरूममधले हजार गिझर एकदम चालू.

दुसरी खूण पांढऱ्या वर्तुळातला लाल 'ई'. गाडीत बसवलेला अग्निशामक बाहेरून कुठे ओढायचा, ते ती मार्शलला दाखवते. या यंत्रणेला सुरक्षेची पिन असते आणि शर्यतीआधी ती काढावी लागते. पिन तशीच राहिली, तर हजारोंचा अग्निशामक म्हणजे गाडीतलं नुसतं वजन. हातात धरायचा 2 किलोचा पावडरचा अग्निशामक चालतो साधारण आठ-दहा सेकंद. तोही ज्वाळांच्या शेंड्यावर मारला तर वाया. धार मुळाशी हवी. त्यातच बंद केबिनमध्ये पावडर उडाली की दिसणं आणि श्वास घेणं दोन्ही अवघड होतं, म्हणून आधी माणूस बाहेर, मग गाडी. गाडी जळू द्यावी. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तीन वर्षं पगारातून बांधलेली गाडी समोर पेटलेली असताना मागे सरणं मुळीच सोपं नाही.

बाहेर पडल्यावर भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, बर्फही नाही. दहा सेकंदांच्या जाळाला 20 मिनिटं पाणी, म्हणजे 120 पट वेळ. मिनिटाला पाच लिटरची धार धरली तरी 100 लिटर लागतं. पिटमध्ये टायरचा जादा संच असतो, जॅक असतो, इंधनाचे कॅन असतात. त्यांच्या शेजारी स्वच्छ पाण्याचं भरलेलं पिंप, निदान पाच बादल्यांचं, आहे का ते शर्यतीच्या सकाळी झाकण उघडून पाहावं.