संकेतस्थळासाठी मदतनीस नेमण्यापूर्वी

परळी वैजनाथ परिसरातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने अथवा महिला बचत गटाने सीताफळाचा गर, तुरीची डाळ किंवा ज्वारीचे पदार्थ विक्रीस ठेवावेत, त्याकरिता संकेतस्थळ म्हणजे वेबसाइट तयार करून घ्यावी, आणि वर्ष उलटले तरी तिच्याद्वारे एकही मागणी येऊ नये, असा प्रसंग कल्पिणे कठीण नाही. अशा वेळी हमखास एक दूरध्वनी येतो. बोलणारा अनोळखी असतो, पण मोठ्या आपुलकीने सांगतो की, “आपले संकेतस्थळ गूगलवर दिसत नाही, एवढी रक्कम भरा, महिन्याभरात पहिल्या क्रमांकावर आणून देतो.” हंगाम तोंडावर आलेला असतो, माल नाशवंत असतो आणि मन अधीर झालेले असते. रक्कम भरली जाते. पुढे काय होते, हे पुष्कळदा कोणासच नीटसे कळत नाही.

संकेतस्थळ शोधयंत्रात सहज सापडावे म्हणून ज्या सुधारणा केल्या जातात त्यांस व्यवहारात ‘एसईओ’ म्हणतात. हे काम उपयुक्त आहे आणि ते जाणणारे प्रामाणिक कारागीरही आहेत. परंतु बियाणे जसे पारखून घ्यावे लागते, तसाच हा मदतनीसही पारखून घ्यावा लागतो. ती पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधयंत्राची रीत

गूगल ही कंपनी १९९८ साली लॅरी पेज व सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी स्थापन केली. शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याची संगणकीय योजना एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानाकडे जात जगभरची पाने वाचीत असते. नंतर वाचलेल्या मजकुराची सूची तयार होते. शेवटी कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून उपयुक्त वाटणारी पाने क्रमाने मांडली जातात. इतर संकेतस्थळांनी आपल्या पानाचा दुवा दिला असल्यास ती एक प्रकारची साक्ष समजावी, ही पेज व ब्रिन यांची मूळ कल्पना होती. आज या साक्षीखेरीज इतर अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात.

या क्रमात वरचे स्थान विकत मिळत नाही. पैसे भरून दाखविल्या जाणाऱ्या जाहिराती वेगळ्या असतात व त्यांवर ‘प्रायोजित’ अशी खूण असते. सबब, पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. मशागत चांगली करून देतो असे सांगणारा माणूस विश्वासास पात्र ठरू शकतो. पाऊस अमुक दिवशी पाडून देतो असे सांगणारा ठरत नाही.

नाव एक, ठिकाणे अनेक

परळीच्या उद्योजकापुढे एक खास अडचण आहे. परळी नावाचे गाव सातारा जिल्ह्यात सज्जनगडाच्या पायथ्याशी आहे. केरळात पालक्काड जिल्ह्यातही याच नावाचे गाव आहे. ‘वैद्यनाथ’ म्हटले तर झारखंडातील देवघरचे देवस्थान पुढे येते. ‘बैजनाथ’ लिहिले तर हिमाचल प्रदेशातील मंदिर. आणि औषधांच्या एका प्रसिद्ध कंपनीचे नावही जवळपास असेच आहे. त्यातच रोमन लिपीत परळी व वैजनाथ ही नावे निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात.

मालाच्या नावाचेही तसेच आहे. पुण्याचे गिऱ्हाईक ‘सीताफळ’ किंवा ‘सिताफळ’ असे लिहील, हिंदी भाषक ‘शरीफा’ म्हणेल, हैदराबादचा व्यापारी ‘सीताफलम्’ म्हणेल, तर कोणी ‘कस्टर्ड ॲपल’ या नावाने शोध घेईल. आपल्या पानावर केवळ “उत्कृष्ट दर्जाची नैसर्गिक उत्पादने” एवढेच लिहिले असेल, तर यांपैकी एकाचीही आपल्याशी गाठ पडणार नाही. याउलट “परळी वैजनाथ, जिल्हा बीड, महाराष्ट्र येथील सीताफळाचा गर” असे स्पष्ट लिहून, वेष्टनाचे वजन, साठवणुकीची रीत, हंगाम, किमान मागणी, माल कोठवर पोहोचविता येतो, अन्न परवान्याचा क्रमांक व दूरध्वनी ही माहिती दिली, तर निम्मे काम झाले असे समजावे.

बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. हे नाव मोलाचे आहे. परंतु मानांकनाचा उपयोग करावयाचा असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावयास पाहिजे. नोंदणी नसताना मदतनीसाच्या सांगण्यावरून ते संकेतस्थळावर मिरविणे योग्य नव्हे.

घरच्या घरी होणारी कामे

मदतनीसावर खर्च करण्यापूर्वी काही कामे स्वतः उरकून घ्यावीत. त्यांस शुल्क पडत नाही.

ज्यांचे दुकान अथवा विक्री केंद्र आहे, त्यांनी गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करून तिची पडताळणी पूर्ण करावी. श्रावणात व महाशिवरात्रीस वैद्यनाथाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू स्थानकावर उतरल्यावर हातातील भ्रमणध्वनीवरच जवळची दुकाने पाहतो. त्यास संकेतस्थळापेक्षा ही नोंदच आधी दिसते. पत्ता, वेळा व मालाची खरी छायाचित्रे तीत द्यावीत. विकत घेतलेले खोटे अभिप्राय मात्र टाळावेत.

दुसरे साधन म्हणजे गूगलचे ‘सर्च कन्सोल’. आपले पान सूचीत आले आहे काय, कोणते शब्द शोधल्यावर ते लोकांना दिसले व किती जणांनी ते उघडले, हे त्यावरून समजते. गटातील शिकलेल्या मुलामुलींनी दोन-चार बैठकांत हे साधन आत्मसात करावे. हे पाहता येऊ लागले की मदतनीसाचे बोलणे तपासता येते.

मदतनीसाची पारख

एवढे करूनही मागणी वाढत नसेल, अथवा संकेतस्थळाची रचनाच सदोष असेल, तर जाणकाराची मदत अवश्य घ्यावी. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरताना आपण ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून ७० तरी उगवतात काय हे पाहतो. तोच न्याय येथे लावावा. आरंभी वर्षाचा करार न करता संकेतस्थळाची फक्त तपासणी करून लेखी अहवाल मागावा, आणि तेवढ्यापुरती माहिती केवळ पाहण्याची परवानगी द्यावी. दोष कोणता, तो का आहे व दुरुस्तीस किती खर्च येईल, हे ज्यास आपल्याला समजेल अशा भाषेत सांगता येते, त्याचा पुढे विचार करावा. त्याने पूर्वी केलेली कामे पाहावीत व त्या व्यावसायिकांशी स्वतः बोलावे. उत्पादक कंपनीने तीन दरपत्रके मागवून संचालक मंडळाच्या ठरावाने निर्णय घ्यावा.

“आमची पद्धत गुप्त आहे” असे म्हणणाऱ्यास नम्रपणे निरोप द्यावा. गुप्ततेच्या आड पुष्कळदा विकत घेतलेले दुवे, वाचकास न दिसणारे शब्द किंवा एकाच मजकुराची शेकडो पाने असतात. अशा आडमार्गांची शिक्षा मालकास भोगावी लागते. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानदार कंपनीची पाने अनेक वस्तूंच्या शोधात अग्रस्थानी दिसत असत. त्यामागे असंबद्ध स्थळांवर पेरलेले हजारो दुवे आहेत, असे फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणले. गूगलने त्या पानांना खाली ढकलले. आपल्याला याची कल्पना नव्हती असे सांगून कंपनीने आपल्या मदतनीस संस्थेस दूर केले. परंतु गेलेले स्थान तेवढ्याने परत आले नाही. २०१२ सालापासून तर अशा दुव्यांना पायबंद घालणारी योजनाच गूगलने अमलात आणली. एवढ्या मोठ्या कंपनीस जो फटका बसला, तो लहान गटास पेलणार नाही.

सातबारा आपल्याच नावे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, हा त्याचा सातबारा आहे. तो मदतनीसाच्या नावे नोंदलेला असेल, तर आपण आपल्याच शेतात कूळ होऊन बसतो. मतभेद झाला, तो गाव सोडून गेला अथवा त्याने नूतनीकरणाचे शुल्क भरले नाही, की अनेक वर्षे वेष्टनांवर छापलेले नाव हातचे जाऊ शकते. म्हणून करारात पुढील बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात :

१. डोमेन, संकेतस्थळाची जागा, नकाशावरील नोंद व सर्च कन्सोल यांची मालकी गटाकडे अथवा कंपनीकडे राहील. मदतनीसास स्वतंत्र व मर्यादित प्रवेश मिळेल. मुख्य परवलीचा शब्द अथवा भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी त्यास दिला जाणार नाही.

२. दरमहा कोणती कामे केली, याचा लेखी हिशेब तो देईल.

३. दुवे अथवा अभिप्राय विकत घेतले जाणार नाहीत.

४. मोबदला कामाच्या टप्प्यांनुसार दिला जाईल. वर्षाची रक्कम आगाऊ दिली जाणार नाही.

५. करार संपताच त्याचा प्रवेश बंद होईल, आणि लिहिलेला मजकूर व छायाचित्रे गटाकडेच राहतील.

नूतनीकरणाची तारीख कार्यालयातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.

पेरणीची वेळ व पिकाचे माप

सुधारणा केल्यापासून तिचा लाभ दिसू लागण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलचे म्हणणे आहे. बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळाचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस येतो व फळ तोडल्यावर थोड्याच दिवसांत पिकते. यास्तव दसऱ्याच्या सुमारास गिऱ्हाईक हवे असेल, तर पाडव्यालाच कामास हात घालावा. फळे तोडणीला आल्यावर मदतनीस शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

यश मोजताना आपल्याच भ्रमणध्वनीवर आपले नाव पहिले दिसते यावर विसंबू नये. शोधाचे निकाल ठिकाणानुसार व शोधणाऱ्यानुसार बदलू शकतात. शिवाय स्वतःच्या कंपनीचे नाव लिहिल्यावर ती दिसली, यात मदतनीसाचे कर्तृत्व फारसे नाही. विक्री केंद्रात एक साधी वही ठेवावी. प्रत्येक नव्या ग्राहकास “आमची माहिती आपणास कोठून मिळाली?” असे विचारून उत्तर टिपावे आणि प्रत्यक्ष खरेदीची रक्कम त्यासमोर लिहावी. महिनाअखेर मदतनीसाचा अहवाल व ही वही शेजारी ठेवावी. अहवालात भेटी वाढल्या आणि वहीत खरेदी वाढली नाही, तर त्याचे कारण विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.

आणखी एक प्रश्न आधी स्वतःस विचारावा. सारा माल बांधावरच योग्य दराने उठत असेल, किंवा मागणी वाढल्यास ती पुरविण्याइतका गर साठविण्याची सोय नसेल, तर तूर्त हा खर्च थांबविणेच शहाणपणाचे ठरेल. ती रक्कम शीतपेटीस किंवा चांगल्या वेष्टनास लावली तर अधिक फलदायी होईल. दूरच्या ग्राहकास आपला पत्ता सापडणे ही पहिली पायरी आहे. त्याच्या हाती पडणारा माल सांगितल्याप्रमाणे असणे ही खरी जाहिरात आहे.

तेव्हा, पुढच्या वेळी तो आपुलकीचा दूरध्वनी आला म्हणजे घाबरून जाऊ नये अथवा हुरळूनही जाऊ नये. “आपले म्हणणे लेखी पाठवा, आम्ही बैठकीत विचार करून कळवू,” एवढेच उत्तर द्यावे. खरा कारागीर लेखी पाठवील. दुसरा बहुधा पुन्हा दूरध्वनी करणार नाही, आणि आपली रक्कम आपल्यापाशीच राहील.