गोळी डिप्रेशनची, इलाज वाफांवर

मध्यरात्री अंगातून अचानक वाफा यायला लागतात. गाऊन घामाने चिंब, छातीत धडधड. पांघरूण भिरकावून द्यावं, तर पाच मिनिटांनी थंडी वाजते! पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी जणींची ही रोजची रात्र. सकाळी डबे भरून डोंबिवलीची लोकल गाठायची, तीही अर्धवट झोपेत.

आमच्या महिला मंडळातल्या एकीला डॉक्टरांनी यावर गोळी लिहून दिली. लेकाने मोबाइलवर नाव शोधलं आणि म्हणाला, "आई, ही तर डिप्रेशनची गोळी!" झालं! गोळ्या कपाटातच राहिल्या. आपल्या ठाण्यात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. 'हिला ठाण्याला पाठवा' हा विनोद आपण लहानपणापासून ऐकतो. मग अशा गोळीची धास्ती वाटणारच.

पण मैत्रिणींनो, ही गोळी दिली म्हणजे आपल्याला वेड लागलं असं नव्हे. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. जरासा उष्मा वाढला, की ते लगेच घाम काढतं. या केंद्राच्या कामात सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या रसायनांचा वाटा असतो. डिप्रेशनच्या काही गोळ्या याच रसायनांवर काम करतात, म्हणून वाफाही कमी होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये पॅरोक्सेटिनला खास याच त्रासासाठी मंजुरी दिली. तीही अवघ्या ७.५ मिलिग्रॅमच्या मात्रेत. डिप्रेशनसाठी सहसा २० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते.

वाफांवर सर्वात गुणकारी उपाय आजही हार्मोन्सचाच. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला, आणि जगभरच्या बायका त्याला घाबरल्या. साठीच्या आतल्या निरोगी बाईसाठी ही भीती पुढे बरीच निवळली. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला हार्मोन्स सहसा देत नाहीत. तिच्यासाठी या गोळ्या मोठा आधार ठरतात.

मात्र इथेच एक मोठी खबरदारी! कर्करोगानंतर अनेकींना टॅमॉक्सिफेन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिनमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर बहुधा व्हेनलाफॅक्सिनसारखं दुसरं औषध निवडतात. त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहायचा. तेव्हा परळच्या टाटा रुग्णालयाची फाइल असो की कल्याणच्या डॉक्टरांची चिठ्ठी, चालू असलेलं प्रत्येक औषध दाखवायचंच.

या गोळ्यांनी वाफा कमी होतात, प्रत्येकीच्या पूर्ण थांबतीलच असं नाही. फरक दिसायला थोडे आठवडे द्यावे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, झोपेत बदल किंवा शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं असे त्रास होऊ शकतात. ते लाजून लपवू नका. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंदही करू नका. चक्कर, अस्वस्थता येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची. आणि घाम, धडधड थायरॉइडमुळेही होते, म्हणून आधी तपासणी हवी.

शेजारणीची गोळी मागून घेऊ नका, आणि स्वतःची गोळी लोकांच्या बोलण्याला घाबरून टाकूनही देऊ नका. 'ही मला का दिली?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. तो आपला हक्कच आहे.