गाडीचे प्लग घरीं बदलतांना

मोटारीच्या यंत्रास हात लावणें हा केवळ मिस्त्र्याचा अधिकार, अशी समजूत आम्हीही बाळगून होतों. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आमची जुनी, कार्ब्युरेटरची गाडी सकाळीं सुरू होईना. झाली तरी खोकूं लागे. एका मिस्त्र्यानें इंजिन उघडावें लागेल म्हणून जो खर्च सांगितला, तो आमच्या निवृत्तिवेतनास झेपणारा नव्हता. अगोदर प्लग तरी पाहूं, म्हणून आम्हीं बाह्या सरसावल्या.

गाडीस तीन सिलिंडर, म्हणून प्लगही तीन. १९०२ सालीं बॉशच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याजोगा प्लग सिद्ध केला. तेव्हांपासून पेट्रोलच्या मोटारीचा प्रपंच या बोटभर वस्तूवर चालला आहे. आमच्या प्लगच्या टोंकांमधील फट जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर, झिजून ती रुंदावली कीं ठिणगी चुकूं लागते.

इंजिन पूर्ण निवूं द्यावें. हेड ॲल्युमिनियमचें, तें तापलेलें असतां प्लग काढल्यास आटे ओरबाडून निघतात, आणि मग शेंकड्यांचें काम हजारांवर जातें. काढण्यापूर्वीं भोंवतालची धूळ फुंकून टाकावी, आणि टोपी धरून ओढावें, तार धरून नव्हे. एक प्लग बदलून झाल्यावरच दुसऱ्याकडे वळावें. हें वाचूनही आम्हीं तिन्ही तारा एकदम सोडल्या, आणि दोन उलट जोडल्या! इंजिनाचा क्रम १-३-२. तो बिघडतांच गाडी अशी थरथरली कीं शेजारी खिडकींत आले. जन्मभर श्लोकांचा अन्वय लावावयास शिकविणाऱ्यास हें शोभलें नाहीं.

नव्या प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो हातानें फिरवावा. आटे तिरके लागले तर नळीच घसरते. ही युक्ति आमच्या नातीची. हातानें घट्ट झाल्यावर पान्यानें अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, म्हणजे नवा वायसर नीट दबतो. अधिक जोर करूं नये.

जुने प्लग टाकण्यापूर्वीं न्याहाळावे. फिकट करडा-तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काजळी पेट्रोल अधिक जात असल्याची. टोंक पांढरें पडून फोड आले तर अति उष्णतेची खूण. आमचे दोन प्लग करडे निघाले. तिसरा काळा, ओला, बोटास तेलकट. असें तेल येतें तें पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजल्यानें. म्हणजे मिस्त्री अगदींच खोटें बोलला नव्हता. त्याच्याविषयीं आम्हीं घरांत जें बोललों, तें मागें घेणें भाग आहे. गाडी पहिल्याच झटक्यास सुरू झाली खरी, परंतु तो तिसरा प्लग कागदांत गुंडाळून ठेविला आहे. सोमवारीं तो घेऊन त्याच मिस्त्र्याकडे जाणार आहों.