आवाजाची साठवण



मनमाडच्या बाईला साठवण शिकवावी लागत नाही. वागदर्डीचे धरण आटत आले की नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून आलेले पाणी आपण एकाच पिंपात भरून ठेवत नाही. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, जे हाताशी असेल ते भरतो. एखादे गळके निघाले तरी घरात प्यायला पाणी असते. आज मी साठवणीबद्दलच बोलणार आहे. पण पाण्याच्या नाही, आवाजाच्या.

आमच्या गटाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. गल्लीतल्या एक आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. त्यांचा भाऊ इथल्या रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्यावर त्यांनी स्वतः रचलेल्या ओव्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. आम्ही चार माइक लावले: एक आजींना, एक त्यांच्या जोडीच्या काकूंना, एक जात्याजवळ आणि एक बाकीच्या बायकांसाठी. रेकॉर्डिंग छान झाले. कॉम्प्युटरवर उतरवायचे काम माझ्याकडे होते. फोल्डरमध्ये बऱ्याच फाइली दिसल्या. त्यातली सगळे आवाज एकत्र असलेली फाइल मी घेतली, बाकीच्या कशाला हव्यात म्हणून सोडल्या, आणि पुढच्या कार्यक्रमासाठी कार्ड पुसून टाकले.

नंतर शांतपणे ऐकले, तेव्हा कळले की जात्याची घरघर फार मोठी आहे. प्रत्येक ओवीचे शेवटचे शब्द तिच्यात बुडतात. आजींना पुन्हा गायला सांगू, असे ठरवले. चैत्रात आजी गेल्या.

माझी चूक नेमकी काय झाली, ते वेणीवरून सांगते. वेणीला तीन पेड असतात. अशा रेकॉर्डरला मल्टिट्रॅक म्हणतात, म्हणजे तो प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या पेडासारखा सुटा ठेवतो. एकेका पेडाला ट्रॅक म्हणतात. ट्रॅक सुटे असले की जाते हळू करता येते, आजींचा आवाज वर काढता येतो. एकत्र केलेली फाइल ही घातलेली वेणी. केसांची वेणी उलगडता येते, आवाजाची तशी नीट उलगडत नाही. मी वेणी ठेवली आणि पेड फेकून दिले.

म्हणून पहिली गोष्ट: कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा घ्यायचा. त्यात प्रत्येक ट्रॅकची फाइल असते. शिवाय बऱ्याच रेकॉर्डरमध्ये एक छोटीशी फाइल असते. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो, किती मोठा ठेवला आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. ती लहान दिसते म्हणून टाकू नका. आतल्या फाइलींची नावेही बदलू नका. नाव बदलले की रेकॉर्डरला आपलाच ट्रॅक सापडत नाही. नाव द्यायचे ते बाहेरच्या फोल्डरला, आणि त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि विषय लिहायचा. उदाहरणार्थ, २०२५-०१-१४-मनमाड-ओव्या. असे केले की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

जागा किती लागेल, अशी धास्ती नको. सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला एक ट्रॅक मिनिटाला साधारण ५ एमबी घेतो. चार ट्रॅकचे तासभराचे रेकॉर्डिंग म्हणजे सुमारे सव्वा जीबी. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर असे ३०० तास सहज मावतात. जागा वाचवण्यासाठी मूळ फाइल एमपीथ्री करू नका. एमपीथ्री करताना आवाजातला काही भाग कायमचा गाळला जातो. ऐकायला आणि पाठवायला ती चालते, जपायला मूळच हवी.

आता काम क्रमाने कसे करायचे, ते सांगते.

१. रेकॉर्डर बंद करून मगच कार्ड काढा. कार्डाच्या कडेला छोटी खिट्टी असते. ती लॉकवर सरकवली की कार्डावरचे काही चुकून पुसले जात नाही.

२. कार्ड कॉम्प्युटरला लावा आणि फोल्डर कॉपी करा. कट करू नका. कट करताना मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी गत होते. कॉपी करताना मूळ जागेवरच राहते.

३. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरांवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि आकार दोन्हीकडे सारखा हवा.

४. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडा थोडा ऐका. भात शिजला का ते शीत दाबूनच कळते.

५. आता तोच फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. डिस्क ओढून काढू नका. आधी स्क्रीनवर इजेक्ट करा, मग वायर काढा.

६. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. गटातल्या मैत्रिणीकडे, मुलीच्या सासरी, कुठेही. घरात चोरी झाली, पाणी शिरले, विजेचा दाब वाढून कॉम्प्युटर जळाला, तर त्याच घरातली दुसरी प्रतही वाचेल असे नाही.

७. हे सगळे झाल्यावरच कार्ड रिकामे करा, आणि तेही रेकॉर्डरमधूनच फॉरमॅट करून. त्याला हवी तशी मांडणी तो स्वतः करून घेतो.

थोडक्यात, तीन प्रती, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, पण एकट्या त्याच्यावर भिस्त नको. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलेले गाणे म्हणजेही प्रत नव्हे. तिथे बहुधा वेणीच जाते, आणि मोबाइल बदलला की तीही जाते.

चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका. पुसलेल्या फाइली लगेच नष्ट होत नाहीत. त्यांच्यावर नवीन काही येईपर्यंत जाणकार माणसाला त्या परत मिळवता येण्याची आशा असते. मी त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी भजन रेकॉर्ड केले होते.

साठवणीने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या कितीतरी गळ्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या २०१७ पासून येऊ लागल्या. गोळा करणारे गेले, गाणाऱ्याही कितीतरी गेल्या असतील, तरी आवाज ऐकू येतात, कारण ते जपले गेले. आणि नुसता आवाज नव्हे, ओवी कोणी गायली, गाव कोणते, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. आपणही एक वही करावी. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तारीख, आणि रेकॉर्डिंग इतरांना ऐकवायला तिची परवानगी आहे का, एवढे लिहिले तरी पुरे.

दिवाळीच्या साफसफाईला आपण माळ्यावरची भांडी काढून घासतो. त्याच दिवशी हार्ड डिस्कही लावून बघा. दोन-चार फाइली ऐका. एखादी प्रत बिघडली असेल तर चांगल्या प्रतीवरून लगेच नवीन करा. डिस्कही कधीतरी म्हातारी होते, तेव्हा काही वर्षांनी नव्या डिस्कवर सगळे उतरवून घ्या.

आजींची ती फाइल माझ्याकडे आहे. आता तिच्या तीन प्रती आहेत. तिन्हींत जाते मोठे आहे आणि शब्द बुडालेले आहेत. तुमच्या घरातल्या आजी, आत्याबाई, मावशी अजून गात असतील, तर रेकॉर्डिंग कराच. आणि केलेले असेल, तर आज संध्याकाळी ते कुठे आहे ते बघा. एकाच जागी असेल तर निजण्याआधी त्याची दुसरी प्रत करा.