गळाची सहल : कोठें, केव्हां आणि किती?

गळ टाकण्यासाठीं आठदहा मंडळींनीं मिळून जावयाचें ठरविलें, कीं प्रथम काठ्या मोजल्या जातात, नंतर फराळाचे डबे मोजले जातात, आणि शेवटीं मोटारींत किती जणांची सोय होईल याचा विचार होतो. ज्या पाण्यावर जावयाचें त्या पाण्यांत मासे किती असतील आणि त्यांतले किती काढले असतां पाण्याचें नुकसान होणार नाहीं, हा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाहीं. शेवाळ व किडे खाऊन राहणाऱ्या लहान माशांच्या बाबतींत ही चूक खपून जाते. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या शिकारी माशांच्या बाबतींत ती खपत नाहीं. रानांत हरणें पुष्कळ असतात, वाघ थोडेच असतात; पाण्यांतहि तोच न्याय आहे. खाल्लेल्या अन्नाचा फार थोडा अंश अंगीं लागतो, आणि स्थूलमानानें एक शेर वजनाचा शिकारी मासा वाढण्यास दहा शेर लहान मासे खर्चीं पडतात, असा निसर्गाचा हिशेब आहे. म्हणून अशा माशांची सहल आंखतांना पहिला प्रश्न काठ्यांचा नसून पाण्याचा असतो.

जालना जिल्हा हा कांहीं मासळीसाठीं प्रसिद्ध असलेला मुलूख नव्हे. मोसंबी, कापूस, बियाणें आणि लोखंडाचे कारखाने यांसाठीं त्याचें नांव घेतलें जातें. पाऊस वर्षाकाठीं सरासरीनें सातशें मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि बेभरंवशाचा. तरी पण जिल्ह्याची दक्षिण सीमा बरीचशी गोदावरीनेंच आंखली आहे. उत्तरेकडे पूर्णा आहे, मध्यभागीं दुधना व कुंडलिका आहेत. इ. स. १९७६ मध्यें पैठणचें जायकवाडी धरण पुरें झालें, आणि पुढें घनसावंगी तालुक्यांत जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी येथें नदीवर बंधारे झाले. त्यामुळें एके काळीं वाहती असलेली गोदावरी आज ठिकठिकाणीं उभ्या पाण्याच्या लांबट तळ्यांसारखी दिसते. जालन्याहून अंबडमार्गें शहागडच्या पुलाशीं मोटारीनें दीडेक तासांत पोंचतां येतें, आणि शहरांतल्या मंडळींची पावलें बहुधा तिकडेच वळतात.

गळाचा छंद साहेबी अमदानींत आपल्याकडे आला, असा पुष्कळांचा समज आहे. जालन्यास फौजेची छावणी होती, तेव्हां हा समज तेथें दृढ असल्यास नवल नाहीं. वास्तविक हा छंद या मातींत फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा अंमल इ. स. ११२६ ते ११३८ पर्यंत चालला. त्यानें रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींचें विस्तृत वर्णन असून त्यांत ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. सुमारें पस्तीस जातींच्या माशांचीं नांवें, त्यांपैकीं समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास काय खाऊं घालावें, दोर व काठी कशी असावी, हें सर्व त्यांत आलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं इ. स. १९५१ मध्यें या प्रकरणावर सविस्तर लेख लिहून त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. राजाच्या या विनोदांत मासा ओढून काढण्यापेक्षां माशाला ओळखण्यास अधिक स्थान आहे, ही गोष्ट आजच्या सहलकऱ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

ओळखावयाचे मासे मुख्यतः तीन. पहिली मरळ. ही पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून बसते व बेडूक अथवा लहान मासा टप्प्यांत येतांच त्यावर झडप घालते. तिला केवळ कल्ल्यांनीं श्वास पुरत नाहीं. मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. तो बुडबुडा दिसला, कीं जाणत्यास तिची जागा समजते. दुसरा शिंगाळा, ज्यास शिंगाडा असेंहि म्हणतात. लांबच लांब मिशा, अंगावर खवले नाहींत, खोल पाण्याच्या तळाशीं वस्ती, आणि पंखांत करवती कांटे. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन इ. स. १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां पुण्याच्या मुळा-मुठेंत मिळालेल्या या माशाला त्यांनीं येथलेंच नांव दिलें. म्हणून आजहि जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत तो ‘सींघाला’ म्हणूनच नोंदलेला आहे. तिसरा शिवडा, कोठें कोठें पहाडी. जबडा डोळ्यांच्याहि मागें पोंचणारा, दांत बारीक पण असंख्य, लांबी पुरुषभर होऊं शकणारी. दिवसा तो कपारींत पडून राहतो आणि अंधार पडूं लागला कीं निघतो. जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत त्याची गणना आज असुरक्षित जातींत होते. वामहि कधीं कधीं गळास लागते. पण ती निशाचर असल्यामुळें दिवसाच्या सहलींत तिची आशा थोडीच.

आतां ‘केव्हां’ हा प्रश्न. त्याचें उत्तर जितकें सोपें दिसतें तितकें तें नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत नदी आटते, पाणी चार डोहांत उरतें आणि मैलोगणती पात्रांतले मासे त्या डोहांत कोंडले जातात. अशा वेळीं अगदीं नवशिक्याच्या गळालाहि मोठा मासा लागतो. त्यामुळें उन्हाळ्याची सुटी ही सहलीची उत्तम वेळ, असा भ्रम पसरतो. परंतु डोहांत उरलेला तो मोठा मासा म्हणजे पुढल्या पावसाळ्याचें बियाणें होय. ज्या जिल्ह्यांत बियाण्याचा व्यापार चालतो, तेथल्या माणसास हें अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. पेरणीच्या तोंडावर बियाण्याचें पोतें दळून खाणारा शेतकरी आणि ज्येष्ठांत डोहावर गळ टाकणारा हौशी, या दोघांत फरक इतकाच, कीं पहिल्याला आपण काय करतों तें ठाऊक असतें. इ. स. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्हा किती होरपळला, तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा वर्षीं जो डोह टिकतो त्यांतल्या मूठभर माशांवरच साऱ्या पात्राची पुढली वस्ती अवलंबून असते.

पावसाळाहि वर्ज्यच. त्या महिन्यांत शिकारी मासे अंडीं घालतात, आणि त्यांतले कित्येक पिलांची राखण करतात. शिंगाळ्याचा नर तळाशीं खळगा करून त्यावर पहारा देतो. मरळीचें जोडपें तर पिलांच्या थव्याखालीं सतत फिरत असतें. पृष्ठभागावर तांबूस पिलांचा एखादा ढग हलतांना दिसला, तर त्याच्याखालीं आईबाप आहेत असें निश्चित समजावें. त्या वेळीं मरळ कोणत्याहि हलत्या वस्तूवर रागानें तुटून पडते. भुकेनें नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठीं. तिचा तो राग हेरून गळ टाकणें सोपें असतें, परंतु जोडप्यापैकीं एक जरी काढला, तरी शेंकडों पिलें इतर माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडीं जातात. एका माशाच्या मोबदल्यांत एक पिढी, असा हा सौदा आहे.

राहतां राहिला तो काळ असा : दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत, आणि पुन्हा माघाच्या मध्यापासून होळीपर्यंत. पहिल्या काळांत गढूळपणा बसून पाणी निवळतें. पिलें स्वतंत्र झालेलीं असतात. मधल्या कडक थंडींत मासा मंदावतो, व हात हलवीत परतण्याचीच पाळी येते. होळी झाली कीं काठ्या माळ्यावर ठेवाव्या. दिवसांतली वेळ म्हणाल तर उजाडल्यापासून दोन तास मरळीचे, आणि मावळतीपूर्वीचा एक तास शिवड्याचा. मधल्या वेळांत झाडाखालीं बसावें, पक्षी पाहावे, शिदोरी सोडावी. उगाच पाणी ढवळूं नये.

‘कोठें’ हें ठरवितांना आधीं हक्काचा विचार करावा लागतो. महाराष्ट्रांतले बहुतेक तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेले असतात. संस्था त्यांत मत्स्यबीज सोडते, पैसा गुंतविते आणि त्यावर कुटुंबें जगतात. अशा तलावावर न विचारतां गळ टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेंत शिरण्यासारखेंच आहे. सहलीपूर्वी आठदहा दिवस एखाद्यानें पुढें जाऊन संस्थेच्या चालकांस भेटावें, रीतसर परवानगी व पावती घ्यावी. नदीकांठींहि गांवच्या भोई मंडळींपैकीं एखाद्या वडीलधाऱ्यास योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावें. कोणत्या वळणाला खडक आहे, जाळीं कोठें लावलेलीं आहेत, देवळापुढच्या कोणत्या डोहांत मासे मारीत नाहींत, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक नसतें. जायकवाडीचा जलाशय पक्षी-अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. तेथें हौशी गळाचा बेत करूंच नये. आणि सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणें तर इ. स. १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलेलें आहे. तसें कोणीं सुचविलें तर तो सोबती पुन्हा बरोबर घेऊं नये.

गोदावरीच्या पात्रांत दोन धोके विशेष आहेत. एक, वाळूच्या उपशानें पडलेले खड्डे. गुडघाभर पाण्यांतून चालतां चालतां पुढचें पाऊल पुरुषभर खोलींत पडतें, आणि वरून पाहणारास पाणी सगळीकडे सारखेंच दिसतें. म्हणून पाण्यांत उतरून गळ टाकण्याची हौस येथें धरूं नये, कांठावरूनच टाकावा. दुसरा धोका वरून सोडलेल्या पाण्याचा. धरणाचीं वा बंधाऱ्याचीं दारें उघडलीं, कीं निरभ्र आकाशाखालींहि नदी चढूं लागते. निघण्यापूर्वी पाणी सोडण्याची सूचना निघाली आहे काय, याची चौकशी करावी. पोंचल्यावर पाण्याच्या कडेस एक काठी रोंवावी व तिच्यावर नजर ठेवण्याचें काम एकाकडे सोंपवावें. काठीचें बूड भिजूं लागलें, कीं लागलेला मासा सोडूनहि वर यावें.

आतां ‘किती’. आठ मंडळींना चार काठ्या पुरेत. एकानें गळ धरावा, दुसऱ्यानें हातजाळी घेऊन साह्य करावें, आणि घटकेघटकेनें पाळी बदलावी. यानें पाण्यावरचा भार निम्मा होतो, नवख्यास शिक्षण मिळतें आणि कंटाळाहि येत नाहीं. दोन काठ्यांत किमान वीस पावलांचें अंतर असावें. कांठावरच्या धांवपळीचा धमका माशास आवाजाहून लवकर कळतो. शिवड्याच्या दांतांपुढें साधा दोर टिकत नाहीं, म्हणून गळापाशीं वीतभर बारीक तार जोडावी. नाहींतर दोर तुटून गळ घशांत घेऊन मासा जातो व झुरून मरतो. मरळीसाठीं जिवंत बेडूक ओवण्याची जुनी चाल आहे. रबरी बेडकानें तेंच काम होतें, आणि शेतांतले किडे खाणारा खरा बेडूक वांचतो. गळाचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून सपाट केला, तर मासा इजा न होतां सोडवितां येतो.

सोडावयाचा मासा कोरड्या हातानें धरूं नये. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर त्यास रोग जडतो. हात ओला करून, पोटाखालीं आधार देऊन, तो प्रवाहाकडे तोंड करून पाण्यांतच धरावा, व स्वतःच्या बळानें निघाला म्हणजे सोडावा. घरीं नेण्यासाठीं प्रत्येक काठीमागें एक मध्यम मासा, याहून अधिक नको. सर्वांत मोठा मासा तर सोडावाच, कारण मादी जितकी मोठी तितकीं तिचीं अंडीं अधिक. याला अपवाद एकच. परदेशी मागूर, ज्याचें पालन भारत सरकारनें इ. स. २००० मध्यें निषिद्ध केलें, तो गळास लागला तर मात्र परत पाण्यांत टाकूं नये; तो देशी माशांचा घास घेणारा खादाड पाहुणा आहे.

इतके निर्बंध पाळल्यावर सहलींत आनंद तो काय उरला, असें एखाद्यास वाटेल. परंतु पहांटेच्या धुक्यांत बसून पाण्यावरचा एक बुडबुडा ओळखणें, दोर ताणला जाण्याच्या त्या क्षणाची वाट पाहणें, आणि हातभर लांबीचा शिवडा पुन्हा खोल पाण्यांत नाहींसा होतांना पाहणें, हा आनंद टोपलीच्या वजनावर अवलंबून नसतो. घरीं परतल्यावर किती मासे मिळाले असें मुलें विचारणारच. त्यांना दोन मासे दाखवावे आणि सोडलेल्या दहांची गोष्ट सांगावी. पुढें तीं मुलें मोठीं होऊन आपल्या सोबत्यांसह त्याच डोहावर जातील, तेव्हां त्यांच्या गळास जें लागेल तें त्या दहांचेंच वंशज असेल.